सोलापूरहून मालवण-देवबाग : छोट्या होडीतून डॉल्फिन, किनारा, पक्षी. वेळ कशी साधायची?

पार्क_चौक
गड्डा (सिद्धेश्वरची यात्रा) आटोपला की जानेवारीअखेर आठ जणांनी मालवणकडे निघायचा बेत आहे. त्यात ६८ वर्षांचे एक काका आहेत, त्यांना कंबरेचा त्रास. पाच वर्षांची एक मुलगी आहे. शिवाय एसटीत सांगोला येईपर्यंत पिशवी हातात धरून बसणाऱ्या काकू. किल्ला सगळ्यांचा बघून झालाय. या वेळी छोटी होडी ठरवून डॉल्फिन, खडक, पक्षी असं निवांत बघायचंय. होडी कुठून घ्यावी, किती वाजता निघावं, काय तपासावं? 'मस्त आहे, जाऊन या' एवढंच लिहिणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

कर्लीकाठ
तारीख ठरवायच्या आधी तिथी बघा. बाकी सगळं त्यावर आहे.

कोकणात भरतीचा हिशेब तोंडी करतात : तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षाची तिथी एक ते पंधरा धरायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) विचारून पक्कं करा. पण कॅलेंडर समोर ठेवून घरी बसल्या तारीख निवडायला हा हिशेब पुरतो.

हे एवढं का? देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे वाळूचा दांडा आहे आणि पावसाळ्यानंतर तो थोडीफार जागा बदलतो. खाडीतून सुटणाऱ्या होड्यांना जाता-येता हे तोंड ओलांडावंच लागतं. भरतीला दांड्यावर भरपूर पाणी असतं, होडी सरळ निघते. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, समोरून लाटा आत येत असतात. दोघांची गाठ पडली की लाट आखूड आणि उभी होते, त्यात खाली पाणी उथळ. जाताना नाळ (होडीचं पुढचं टोक) लाटेला भिडते, तेवढं निभतं. परत येताना लाट मागून उचलते, होडी आडवी फिरते. अपघात होतो तो या वेळी.

दुसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीकडून हलके मतलई वारे असतात, किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं सपाट. अकराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा धरतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की डॉल्फिन शोधणं संपलं, कारण पाठीचा पर आणि फेस यातला फरक डोळ्याला कळत नाही.

म्हणजे हवं काय? सकाळी ७ ला निघून ९:३० पर्यंत परत, आणि या वेळात दांड्यावर पाणी भरपूर. दशमी ते त्रयोदशी हे बरोबर जमतं (भरती साडेसात ते पावणेदहा). पौर्णिमा-अमावास्याही चालते, पाणी सकाळभर चढत असतं, फक्त उधाणामुळे ओढ जास्त. टाळायची ती चतुर्थी-पंचमी. भरती तीन-पावणेचारला, म्हणजे सकाळी सव्वानऊ-दहाला ठार ओहोटी, नेमकी परतायच्या वेळी.

भुईकोट
आम्ही आजवर एजंटला फोन करून 'उद्या सकाळी या' एवढंच ऐकत आलो. तो आपली तिथी नाही, त्याची फेरी बघतो.

एक शंका. चाळीस मिनिटांत पाच पॉइंट दाखवणाऱ्या मोठ्या स्पीडबोटी आहेत. त्या का नकोत? पैसे कमी, वेळ कमी.

कर्लीकाठ
पाच पॉइंट 'दाखवतात' म्हणजे पाच ठिकाणांवरून नेतात. इथल्या किनाऱ्याचा डॉल्फिन हा कुबड्या डॉल्फिन, उथळ पाण्यातला, खाडीच्या तोंडाशी मासे धरणारा. सुसाट बोट आली की तो बुडी मारून बाजूला होतो. मग बोट त्याच्या मागे, आणखी दोन बोटी तिच्या मागे. दिसते ती लांबून एक पाठ. २२ ते २८ फुटी फायबरची होडी, एक आउटबोर्ड इंजिन, आठ माणसं, दीड-दोन तास, ही जुळणी बरी. दर बोटीमागे की माणशी, आणि वेळ जेटी सोडल्यापासून की डॉल्फिन दिसल्यापासून, हे आधी बोलून घ्या. भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात.

मार्ग असा मागा : देवबाग खाडी, संगम, भोगवे किनाऱ्यासमोरून दक्षिणेला निवतीचा किल्ला आणि पिवळसर सोनेरी कडा (गोल्डन रॉक म्हणतात तो), मग सावकाश परत. त्सुनामी आयलंडवरचे वॉटरस्पोर्ट याच फेरीत घालू नका. तिथे तास जातो आणि वारा सुटतो.

उजनीकर
मालक, सोलापूर-करमाळ्याकडच्या माणसाला होडी म्हणजे उजनी. केत्तूर-कुगाव किंवा पलीकडे कुंभारगाव-भिगवणला रोहित पक्षी बघून आलेले लोक समुद्रातही तसेच वागतात : मध्येच उभं राहायचं, एका अंगाला सरकायचं, लाइफ जॅकेट बुडाखाली घेऊन बसायचं. उजनीच्या उथळ बॅकवॉटरला होडी सपाट बुडाची असते, वेग माणसाच्या चालीएवढा, म्हणून खपून जातं. अर्थात तिथेही नेहमी खपत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचे दिवस, संध्याकाळची वेळ. आणि त्याच महिन्यात, पण दोन वर्षं आधी, २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक दगावले. मे महिन्यात सुट्टी आहे म्हणून समुद्रात जायचं, हे गणितच चुकीचं. पावसाळ्यात तर जलपर्यटन बंदच असतं, साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट.

डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात त्याचंही सांगतो. आठ जणांचं वजन पाचशे किलोच्या आसपास. ते एका काठावर गेलं, वर उभं राहिलं, की होडीचा गुरुत्वमध्य वर चढतो आणि कलंडायला एक साधी लाटसुद्धा पुरते. नियम ठेवा : बसूनच बघायचं. उजवीकडे दिसला तर डावीकडच्यांनी जागेवरूनच मान वळवायची. तांडेल होडी फिरवून देतो, त्याला सांगा.

यंत्रमाग_दुरुस्ती
इंजिनाचं मी लिहितो. होडी सुटायच्या आधी पाच मिनिटं लागतात, तांडेल रागावत नाही. रागावला तर होडी बदला.

१) इंजिन सुरू झालं की त्याच्या मागच्या बाजूने बोटाएवढी पाण्याची धार सतत बाहेर पडायला हवी. ती थंड करणाऱ्या पाण्याची खूण. धार नाही किंवा थेंब थेंब येतेय, तर आत वाळू नाहीतर प्लॅस्टिक अडकलंय किंवा पंपाचं रबर गेलंय. असं इंजिन थोड्याच वेळात तापून बसतं.

२) पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. वाहतुकीत तो बंद करतात आणि उघडायचं विसरतात. इंजिन छान सुरू होतं, पाच-दहा मिनिटांनी टाकीत निर्वात होऊन मरतं, म्हणजे बरोबर दांड्यावर. टाकी आत चेपल्यासारखी दिसली तर हेच कारण. नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक होतोय का तेही बघा. कडक न होणारा फुगा म्हणजे हवा ओढतोय.

३) लाल गुंडाळीची दोरी तांडेलाच्या मनगटाला हवी. तो पडला की इंजिन बंद. बहुतेक जण ती हँडललाच अडकवून ठेवतात, मग तिचा उपयोग शोभेपुरता.

४) दोन वल्ही, नांगर आणि नांगराची लांब दोरी. जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंतून इंजिन थांबणं हे इथे नेहमीचं. तेव्हा नांगर टाकून होडीची नाळ लाटेकडे ठेवली की पाच मिनिटांत जाळं कापता येतं. नांगर नसेल तर तेवढ्या वेळात होडी आडवी होऊन खडकाकडे वाहते.

पेट्रोल किती? जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, उरलेलं राखीव.

टॉवेल_चादर
लाइफ जॅकेटचं कुणी नीट सांगेल का? पाच वर्षांच्या मुलीला मोठ्यांचंच चढवतात.

यंत्रमाग_दुरुस्ती
मोठ्यांचं अजिबात नको, पाण्यात मूल त्यातून खाली निसटतं. घालून, सगळे बक्कल लावून, दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते तिचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो नसेल तर सोलापुरातूनच वजनाप्रमाणे विकत घेऊन जा. मोठ्यांसाठी : नुसती चेन पुरत नाही, बक्कलही लावा. फोम दाबून बघा, चपटा होऊन तसाच राहिला तर त्यात तरंगायची ताकद उरलेली नाही. शिटी आहे का बघा. आणि तोंड ओलांडताना जॅकेट अंगावरच हवं. 'समुद्र शांत आहे, काढा' म्हणणारे भेटतात.

औषध_पेठ
काकूंसाठी. मळमळीची गोळी होडीत बसल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर बाहेर पडते. मेक्लिझिनसारखी गोळी किमान एक तास आधी, अ‍ॅव्होमिन आदल्या रात्री झोपताना. दोन्हींनी झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेट, दमा किंवा इतर औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. काकांनाही हे लागू. दोन वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅव्होमिन देत नाहीत.

गोळीपेक्षा जागा महत्त्वाची. होडीच्या मध्याच्या थोडं मागे बसवा, तिथे वरखाली कमी. अगदी मागे नको, इंजिनाचा धूर येतो. नजर क्षितिजावर. मोबाइल बघितला की संपलं. रिकाम्या पोटी जाऊ नये, तुडुंबही नको. निघायच्या तास-दीड तास आधी कोरडं काहीतरी. आपली कडक भाकरी याला उत्तम. शेंगाची चटणी मात्र परत आल्यावर.

सर्वात मोठी चूक म्हणजे रात्रभर गाडी मारून सकाळी सातला होडीत बसणं. अपुरी झोप आणि घाटातली वळणं एकत्र आली की न लागणाऱ्यालाही लागते.

भुईकोट
रस्त्याचं मी सांगतो. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. चारशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून नऊ-दहा तास. पहाटे पाचला निघा, दिवस मावळायच्या आत पोचा, संध्याकाळी जेटीवर जाऊन होडी आणि तांडेल डोळ्यांनी बघा. रेल्वेने सोलापूरहून सरळ कोकणात जायची सोय नाही, कुडाळ-सिंधुदुर्ग स्टेशनं मालवणला जवळ असली तरी आपल्याला वळसाच. घाट चालू आहे ना, हे आदल्या दिवशी विचारा. कोल्हापूरहून उतरणाऱ्या घाटांत कामं निघतात.

पार्क_चौक
काकांच्या कंबरेचं? होडीत चढायला जमेल का?

कर्लीकाठ
देवबागला बऱ्याच होड्या वाळूवरूनच भरतात, गुडघाभर पाण्यातून काठ ओलांडून चढावं लागतं. जेटीवरून किंवा शिडी लावून चढवणारा तांडेल आधीच ठरवा. पुढच्या फळीवर त्यांना बसवू नका. लाटेवरून नाळ आपटते तेव्हा पुढे बसलेल्याच्या मणक्याला थेट दणका बसतो, त्यातून फ्रॅक्चरसुद्धा होतं. मागच्या अर्ध्यात, खाली उशी, पाय तळाला टेकलेले. तोंड ओलांडताना वेग कमी करायला सांगा. नाही जमणार असं वाटलं तर त्यांनी खाडीतच फिरावं. कर्लीच्या काठाला माड, कांदळवन, खंड्या, बगळे, वर ब्राह्मणी घार. ते काही कमी नाही.

कुरव
आता बघायचं काय ते.

कुबड्या डॉल्फिन अडीच मीटरच्या आसपास, करडा, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. सिनेमातल्यासारखा उड्या मारेल ही अपेक्षा घरी ठेवा. आधी चोच तिरकी वर येते, 'फूस्स' असा श्वास ऐकू येतो, मग कुबड, मग पर, आणि पाठ गोल वळून खाली. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. इंजिन मंद असेल तर श्वास आधी ऐकू येतो आणि मग नजर जाते, म्हणून गाणी लावू देऊ नका. शेपटी पूर्ण वर आली तर ती खोल बुडी. तीन-चार मिनिटं थांबा, जागा सोडू नका. शेपटी न दाखवता गेला तर अर्ध्या-एक मिनिटात जवळपासच वर येतो.

पाठीला परच नाही, काळपट गुळगुळीत पाठ एकदा गोल फिरली आणि गायब, तर तो पर नसलेला पॉरपॉइज, डॉल्फिनचाच भाऊबंद. लाजाळू प्राणी. दिसला तर नशीब, मागे जाऊ नका.

शोधायचं कसं? सुरय आणि कुरव हे पक्षी एका जागी पाण्यावर सूर मारताना दिसले की खाली तारली-पेडवे माशांचा थवा आहे. डॉल्फिन तिथेच येतो. कुरव हे हिवाळी पाहुणे, साधारण ऑक्टोबर ते मार्च. निवतीच्या कड्यांकडे पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडासाठी नजर वर ठेवा : करड्या पाठीचा, पाचरीसारख्या आखूड शेपटीचा. घारीपेक्षा बराच मोठा, आणि उडताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. खडकांच्या फटीत काळा समुद्र बगळा. पाण्यावर समुद्री कासवाचं डोकं नारळासारखं वर येतं आणि पटकन जातं. पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला तर हात पाण्यात घालू नका, समुद्रसर्प विषारी असतात.

दुर्बीण ८×४२ किंवा ७×५०. दहापट मोठं दाखवणारी होडीत नुसती हलते. कॅमेऱ्याला ७०-३०० ची लेन्स, शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान, सलग फोटोंवर. परतल्यावर खारं पाणी ओलसर फडक्याने पुसा, कोरड्याने घासलं की मीठ काच ओरबाडतं.

टॉवेल_चादर
आणि जवळ किती जायचं? 'अगदी हात लावण्याएवढं नेतो' अशी जाहिरात करतात.

कुरव
तेच टाळायचं. जाणकार पाळतात ते असं : तीनशे मीटरवरून वेग उतरवायचा, थेट समोरून किंवा पाठीमागून न जाता बाजूने समांतर जायचं, पन्नास मीटरच्या आत होडी न्यायची नाही. तो स्वतः आला तर इंजिन न्यूट्रलला ठेवून थांबायचं. आधीच दोन होड्या असतील तर तिसरी लांब राहते. वीस मिनिटं, मग निघायचं. पिल्लू बरोबर असेल तर त्याहून लवकर. दूध पाजायला आईला संथ पोहावं लागतं, पाठलाग झाला की ते थांबतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन, देवमासे, समुद्री कासवं, प्रवाळ सगळं आहे, त्यामुळे छळ हा नुसता असभ्यपणा राहत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. तिथून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नये.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी तर जाऊच नये. डॉल्फिनपेक्षा होड्या जास्त.

होटगी_रोड
निवतीच्या पुढे समुद्रात दीपगृहाचे खडक आहेत म्हणे, बर्न्ट आयलंड. तेही याच होडीत करता येईल का? आणि आंग्रिया बँक, ते समुद्रातलं बुडालेलं प्रवाळाचं पठार?

कर्लीकाठ
वेंगुर्ला रॉक्स म्हणतात तेच. तो खुला समुद्र, किनाऱ्यापासून बराच आत. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, लाळेची घरटी करणाऱ्या. लहान मूल आणि कंबरेचा रुग्ण घेऊन नाही. धडधाकट मंडळींनी डिसेंबर ते फेब्रुवारीत, दोन इंजिनांची होडी आणि अनुभवी तांडेल असेल तरच, आणि खडकावर न उतरता होडीतून बघून परत. आंग्रिया बँक किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर. ते जहाजाचं काम, होडीचं नव्हे.

लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज देते. लाट एक मीटरखाली असेल तर ठीक. पण दोन लाटांमधलं अंतर बारा सेकंदांच्या वर दाखवत असेल तर सावध. बाहेर पाणी सपाट दिसतं, आणि दांड्यावर मात्र तीच लाट उभी राहून फुटते. अडचण आली तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. फोन पारदर्शक पाकिटात गळ्यात ठेवा, बॅगेत नको.

उजनीकर
पहाटे पाण्यावर वारा बोचतो. जाताना एक सोलापुरी चादर न्या, काकांच्या पाठीला आणि पोरीच्या अंगाला एकच पुरते. मात्र लाइफ जॅकेटच्या वरून, आतून नाही.

पार्क_चौक
कॅलेंडर काढून बसलो. आमची ठरलेली तारीख नेमकी विनायकी चतुर्थी! म्हणजे पाऊणपट तीन, ओहोटी सव्वानऊला. बदलतो. पुढची एकादशी शनिवारी जमतेय, भरती सव्वाआठला. पण काकूंचा उपास असतो. रिकाम्या पोटी नको म्हणालात.

औषध_पेठ
उपासाला साबुदाण्याची तुपकट खिचडी खाऊन होडीत बसवू नका, ती हमखास वर येते. केळं आणि थोडी वरई चालेल.

भुईकोट
आणि ती माघी एकादशी असेल तर पंढरपूरची वारी. मंगळवेढ्याच्या बाजूला दिंड्या आणि गाड्यांनी तास-दोन तास सहज जातील.

कर्लीकाठ
मग एकादशीला फक्त प्रवास करा आणि सांगोल्याच्या पुढे निघेपर्यंत घाई नको. होडी रविवारी, द्वादशीला. पाऊणपट नऊ. सातला सुटा, पाणी चढतं असेल, नऊ-साडेनऊला भरल्या दांड्यावरून आत. काकूंचं पारणं पहाटेच, कडक भाकरीवर. तांडेलाला आजच फोन करा आणि तारीख न सांगता 'द्वादशीची सकाळ' म्हणा. तो पुढचं काही विचारणार नाही.